१५४ मॅच, १३४ वेळा हार : क्लीव्हलंड स्पायडर्सचं १८९९ साल

एरीकाठी

मंडळी, २०२४ चा सीझन संपता संपता शिकागो व्हाइट सॉक्स १२१ मॅच हरले तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे त्यांच्या नावाने खिदळत होते. आमच्याकडे एक जुने, अस्सल क्लीव्हलंडचे गृहस्थ आहेत, रिटायरमेंटला टेकलेले, ते डबा खाता खाता शांतपणे म्हणाले, एकशे एकवीसच? आमचे तर एकशे चौतीस हरले होते. मला वाटलं म्हातारा फेकतोय. घरी येऊन शोधलं तर खरंच, १८९९, क्लीव्हलंड स्पायडर्स, २० विजय आणि १३४ पराभव. तेव्हापासून या टीमने डोक्यात घर केलंय, आता तुमच्याही डोक्याला ताप देतो.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. या खेळात एका मॅचवर नशिबाचा हात मोठा असतो. पहिल्या नंबरची टीमसुद्धा दहात तीन-चार मॅच हरते आणि तळातली टीमही दहात तीन-चार जिंकून जाते. म्हणून तर एवढ्या ढीगभर मॅच खेळवतात. अशा खेळात शंभरात तेरा जिंकायच्या म्हणजे नुसतं वाईट खेळून भागत नाही, त्यासाठी कोणीतरी वरून व्यवस्था करावी लागते. आणि इथे ती केली होती.

झालं असं की स्पायडर्स ही काही फालतू टीम नव्हती. १८९५ साली यांनी बॉल्टिमोरला हरवून टेंपल कप जिंकलेला, म्हणजे त्या काळची मोठी ट्रॉफी. साय यंग यांचा पिचर (म्हणजे आपल्याकडचा बॉलर), ज्याच्या नावाने आज दरवर्षी सर्वोत्तम पिचरला अवॉर्ड देतात तोच, कारकिर्दीत ५११ मॅच जिंकलेला माणूस. बॅटिंगला जेसी बर्केट, ज्याने लागोपाठ दोन वर्षं ४०० च्या वर ॲव्हरेज ठेवलं (बेसबॉलमध्ये ३०० म्हणजे उत्तम, ४०० म्हणजे दंडवत). १८९८ ला टीम ८१-६८ (म्हणजे ८१ विजय, ६८ पराभव) करून बारा टीममध्ये पाचवी आली. वाईट काय त्यात?

वाईट एवढंच की मैदानात माणूस यायचं नाही. मालक फ्रँक रॉबिसन आणि त्याचा भाऊ स्टॅन्ली. यांचा मूळ धंदा ट्रामचा, आणि मैदानही बरोब्बर आपल्या ट्रामच्या लाइनवर बांधलेलं, म्हणजे मॅचचं तिकीट पण यांचं आणि जायचं-यायचं भाडं पण यांचंच. तरी परवडेना. तेवढ्यात सेंट लुईसची टीम विकायला निघाली. तिचा मालक ख्रिस फॉन डर आहे (हो, आडनाव असंच आहे, हसू नका), बिअर सलूनवाला जर्मन माणूस, १८९८ ला त्याच्या मैदानाला आग लागली, मग कोर्टकचेऱ्या, मग दिवाळं. रॉबिसन बंधूंनी ती टीम घेतली. क्लीव्हलंडची सोडली मात्र नाही!! एकाच लीगमध्ये एकाच घराच्या दोन टीम, आणि तेव्हा याला बंदी करणारा नियमच नव्हता.

मग त्यांनी काय केलं, यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, मॅनेजर पॅट्सी टेबो, जे जे म्हणून बरं होतं ते सगळं उचललं आणि सेंट लुईसला नेलं, आणि सेंट लुईसमध्ये आदल्या वर्षी ३९-१११ करून तळाला बसलेलं जे सामान होतं त्यातलं बरंचसं क्लीव्हलंडला पाठवून दिलं. सेंट लुईसच्या टीमचं नाव ठेवलं पर्फेक्टोज. स्टॅन्लीने तर क्लीव्हलंडची टीम आपण जोडधंदा म्हणून चालवणार असं उघड सांगितलं म्हणतात. पुढचं जेवण करून लिहितो.

टवाळ_कार्टा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फॉन डर आहे हे वाचून फुटलो. "मालक कुठंय?" "फॉन डर आहे."

मुक्ता_नाशिक

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण वाचतेय. एक शंका, दोन टीम ठेवायच्या कशाला? एक बंद करून मोकळं व्हायचं ना. आपल्याकडे मुंबई इंडियन्सवाल्यांच्या न्यूयॉर्कला नि केप टाउनला टीम आहेत पण त्या वेगवेगळ्या लीगमध्ये, एकमेकांशी खेळत नाहीत. हे म्हणजे घरातल्या घरात भातुकली झाली.

एरीकाठी

मुक्ताताई, रास्त प्रश्न. लीगमध्ये टीमची जागा असणं हीच एक मालमत्ता होती, आपल्याकडे चालत नसलं तरी दुकानाचा गाळा सोडत नाहीत तसं. आणि हे एकटेच नव्हते बरं, ब्रुकलिन आणि बॉल्टिमोरच्या मालकांनीही त्याच वर्षी हेच केलं, बॉल्टिमोरचे बरेच हिरे ब्रुकलिनला हलवले आणि ब्रुकलिन पहिलं आलं, १०१-४७.

बरं, पुढे. १५ एप्रिल १८९९, सीझनची पहिली मॅच, आणि योगायोग बघा, सेंट लुईस विरुद्ध क्लीव्हलंड, सेंट लुईसमध्येच. समोर पिचिंगला कालपरवापर्यंत आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये बसणारा साय यंग. १०-१ ने आपटले. घरच्या मैदानावरची पहिली मॅच १ मे ला, तिथे जेमतेम पाचशे माणसं. लोकांना सगळं कळलं होतं हो, क्लीव्हलंडचे लोक काय खुळे होते का, आपली माणसं पळवून दुसऱ्याचा कचरा आणून टाकलाय आणि वर तिकीट लावताय. त्यांनी सरळ पाठ फिरवली.

मॅनेजर होता लेव्ह क्रॉस, स्वतः चांगला खेळाडू. ३८ मॅचमध्ये ८ जिंकल्या. तुम्ही म्हणाल काय हे, पण पुढचं बघता तो त्या वर्षीचा सुवर्णकाळ होता. त्याने मालकाकडे चार-पाच बरे खेळाडू मागितले तेव्हा उत्तर आलं की इथे जिंकण्यात आम्हाला रस नाही, वेळापत्रक तेवढं पुरं कर, अशी गोष्ट सांगतात. जून उजाडला आणि मालकांच्या लक्षात आलं की अरेच्चा, हा क्रॉस तर बरा खेळतोय, मग त्यालाही उचलून सेंट लुईसला नेला! पिचर विली सडहॉफ थोडाफार बरा टाकत होता, त्यालाही परत नेला. म्हणजे जो कोणी जरा डोकं वर काढील त्याची बदली. या टीममध्ये चांगलं खेळण्याचं बक्षीस म्हणजे टीम सुटणे.

भोकरवाडीकर

शेवटचं वाक्य वाचून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची आठवण आली. चांगला मास्तर आला की दोन वर्षांत तालुक्याला.

शंकासुर

बॉल्टिमोरचं उदाहरण तुम्हीच दिलंत पण ते तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जातंय हे बघा. त्यांचेही खेळाडू पळवले ना? मग ते कितवे आले? चौथे. ८६-६२. म्हणजे लूट दोघांचीही झाली, एक चौथा आणि एक बारावा. सगळं खापर मालकावर फोडून कसं चालेल? स्पायडर्समध्येच दम नव्हता असं का म्हणू नये?

एरीकाठी

शंकासुर आले, आता धागा शंभरी गाठणार.

तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण बॉल्टिमोरला जॉन मॅग्रॉ राहिला, तो मुद्दाम राहिला, त्याचा आणि विल्बर्ट रॉबिन्सनचा तिथे धंदा होता, दारूचा बार-कॅफे, तो सोडून ते ब्रुकलिनला जायला तयार नव्हते. आणि मॅग्रॉ हा एक नंबरचा खुन्नसबाज, त्याने त्या वर्षी ३९१ चं ॲव्हरेज काढलं आणि टीमही चालवली. शिवाय नशिबाने जो मॅगिनिटी नावाचा नवा पिचर मिळाला, पहिल्याच वर्षी २८ मॅच जिंकला. क्लीव्हलंडकडे यातलं काय होतं? मॅग्रॉसारखा एक माणूस जरी मागे राहिला असता तरी सीझन अख्खा बदलला असता का, माहीत नाही, दहा-पंधरा मॅच जास्त जिंकले असते फारतर. क्लीव्हलंडमध्ये तसा माणूस ठेवलाच नाही, आणि तयार झाला की नेला. फरक तिथे आहे.

आणि "दम नव्हता" म्हणता तर जिम ह्यूईचं बघा. ४ जिंकल्या, ३० हरल्या. तेव्हापासून आजतागायत एका सीझनमध्ये ३० मॅच हरलेला पिचर झालेला नाही. पण ३० हरायला आधी तेवढ्या वेळा मैदानात उतरावं लागतं ना भाऊ. खांदा मोडेस्तोवर टाकत होता बिचारा. चार्ली नेपर ४-२२, फ्रँक बेट्स १-१८, श्मिट २-१७, आणि हॅरी कॉलिफ्लॉवर १-११.

टवाळ_कार्टा

कॉलिफ्लॉवर?????? फ्लॉवरची भाजी करून टाकली असेल बॅट्समननी. (हलकेच घ्या)

एरीकाठी

हो कॉलिफ्लॉवरच. आणि पुढे हाच माणूस अंपायर झाला, ते पण दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये. ज्याला आयुष्यभर आउट मिळाले नाहीत तो आउट द्यायला उभा.

तो श्मिट पण भारी इसम, टोपणनावच क्रेझी श्मिट. त्याच्याबद्दल एक किस्सा फार सांगतात. याच्या लक्षात काही राहायचं नाही म्हणून खिशात वही ठेवायचा, कुठला बॅट्समन कुठे कच्चा आहे ते लिहून. समोर कॅप ॲन्सन आला, म्हणजे तेव्हाचा दादा बॅट्समन, याने वही काढली, पान शोधलं, वाचलं. ॲन्सनच्या नावापुढे लिहिलं होतं : चार बॉल बाहेर टाकून फुकटात पहिल्या बेसवर जाऊ द्यावा.

चिंगी

खिक्क!! ती वही म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे.

जुनाखेळाडू

एरीकाठी, सुंदर लिहिताय. थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी नव्वदीच्या सुरुवातीला एका कारखान्यात होतो, नाव नको, तिथे साहेबांना इंटर-युनिट क्रिकेटचं भारी वेड. दोन टीम केल्या, अ आणि ब. सांगितलं दोन्ही सारख्याच. पण पहिल्या मॅचनंतर आमच्या ब मधला एकजण पन्नास मारून गेला की पुढच्या रविवारी अ च्या यादीत त्याचं नाव. असे चार गेले. मी विकेटकीपर, मला कोणी नेलं नाही म्हणजे मी काय दर्जाचा ते समजून घ्या. आमच्या किटमध्ये एकच डावा पॅड धड होता, दुसऱ्याचे पट्टे तुटलेले, तो सुतळीने बांधायचो, आणि दुसऱ्या ओव्हरलाच सुतळी सैल होऊन पॅड पायाभोवती गोल फिरायचा, पळताना डाव्या हाताने पॅड धरून उजव्या हाताने बॅट. शेवटच्या मॅचला दहाच आले. अकरावा म्हणून कँटीनमधला पोरगा उभा केला, त्याने ॲप्रन काढून माझ्याकडे दिला नि लाँग ऑनला गेला. त्या दिवशी साहेब अ ची मॅच बघत होते शेजारच्या ग्राउंडवर.

हरल्याचं काही वाटलं नाही हो. पण नंतर नोटीस बोर्डावर लागलं "ब संघाची निराशाजनक कामगिरी", ते अजून डोक्यात आहे.

एरीकाठी

जुनाखेळाडू, तुम्हाला साष्टांग. मला या धाग्यात जे म्हणायचंय ते तुमच्या नोटीस बोर्डाने एका ओळीत सांगितलं. रेकॉर्ड बुकात आज स्पायडर्सचं नाव सगळ्यात खाली आहे, आणि रॉबिसनचं नाव त्या पानावर कुठेच नाही.

तुमच्या कँटीनवाल्या पोराला तर मी सोडणारच नाही, त्याचा जुळा भाऊ पुढे येतोय. थांबा.

क्रॉस गेल्यावर मॅनेजर केला जो क्विन. हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन. आणि बेसबॉलशिवाय त्याचा जोडधंदा काय असेल? अंत्यसंस्काराचा. सासऱ्यांचा व्यवसाय, सेंट लुईसमध्ये. देवाशपथ खरं सांगतो, मी मुद्दाम जुळवून आणलेलं नाही. त्याच्या हाताखाली टीम १२-१०४. स्वतः मात्र २८६ ने बॅटिंग केली, म्हणजे माणूस खेळायचं सोडून बसला नव्हता.

टवाळ_कार्टा

योग्य माणूस योग्य जागी.

मुक्ता_नाशिक

बिचारा क्विन. पण मला ते घरच्या नि बाहेरच्या मॅचचं सांगा ना, लोकच येत नव्हते तर खेळायचे कुठे?

एरीकाठी

हाच तर खरा तमाशा. १५४ मॅच म्हणजे समोरच्या ११ टीमशी प्रत्येकी १४. नियमाने त्यातल्या ७७ घरी, ७७ बाहेर. प्रत्यक्षात घरी झाल्या ४२ आणि बाहेर ११२. कारण गेटवर जो गल्ला जमायचा त्यात पाहुण्या टीमचाही वाटा असायचा, आणि क्लीव्हलंडला येऊन जो वाटा मिळायचा त्यात पाहुण्यांचं हॉटेल आणि रेल्वेभाडंसुद्धा सुटेना. पाहुणे म्हणाले आम्ही नाही येत, तुम्हीच या. मालकांना तर तेच हवं होतं. घरच्या ४२ मॅचना सगळे मिळून प्रेक्षक ६,०८८. एका मॅचला सरासरी १४५. आपल्याकडे बारशाला जास्त माणसं येतात. जुलैपासून तर टीम जवळजवळ कायमची रस्त्यावरच, पेपरवाले त्यांना स्पायडर्स म्हणायचं सोडून एक्झाइल्स, वाँडरर्स असं काही काही म्हणायला लागले. आगगाडी, हॉटेल, हार, आगगाडी, हॉटेल, हार.

बाहेर ११-१०१. आज एका टीमच्या बाहेर मॅचच ८१ असतात, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या हरल्या तरी हा आकडा कोणी गाठू शकत नाही. अमरपट्टा आहे तो.

ट्रामवेडा

लेख छान पण एक कारण सुटलंय. रविवार. त्या काळी कामगाराला आठवड्यात सुट्टी एकच, आणि क्लीव्हलंडमध्ये रविवारी बेसबॉल खेळायला कायद्याने बंदी. १८९७ च्या मे महिन्यात रॉबिसनने मुद्दाम रविवारी मॅच लावली, वॉशिंग्टनविरुद्ध, पहिली इनिंग झाली आणि पोलिसांनी दोन्ही टीमचे खेळाडू अधिक अंपायर सगळ्यांना धरून नेलं. केस झाली, खेळाडूला दंड झाला. सेंट लुईसमध्ये रविवारची मॅच चालायची, बिअर पण चालायची. म्हणून त्याला सेंट लुईस हवं होतं. हे लक्षात घेतलं तर रॉबिसन नुसता खलनायक वाटत नाही, धंदेवाईक माणूस वाटतो.

एरीकाठी

ट्रामवेडा, हे खरंच राहिलं होतं, धन्यवाद. रविवारचं दुखणं खरं आहे. शहर सोडून जायला माझी काहीच हरकत नाही, पैसे घातलेत, जा. पण जाताना घर मोकळं करून दारात भाडेकरू बसवून जायचं आणि वर गावाने टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा, हे मला पटत नाही.

आणि मजा पुढे आहे. एवढा सगळा खटाटोप करून, यंगने २६ मॅच जिंकून, बर्केटने ३९६ चं ॲव्हरेज काढून पर्फेक्टोज कितवे आले असतील? पाचवे! ८४-६७. आणि आदल्या वर्षी हीच माणसं क्लीव्हलंडकडून ८१-६८ करून पाचवीच आली होती. म्हणजे एक अख्खी टीम मारून हाती काय आलं तर तीन विजय.

शंकासुर

हा आकडा मात्र जबरी आहे. माघार घेतो. (अर्धी)

लाल_मातीचा

क्लीव्हलंडला मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे आलो होतो तेव्हा त्या लीग पार्कला गेलो होतो, ईस्ट ६६ वा रस्ता आणि लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर. वस्तीतलं मैदान आहे, पोरं खेळत होती. कोपऱ्यात विटांचं जुनं तिकीटघर आहे, त्यात आता बेसबॉलचं छोटं म्युझियम केलंय. त्या खिडकीला हात लावून बघितला, याच खिडकीतून त्या १४५ लोकांनी तिकिटं काढली असतील असं वाटून अंगावर काटा आला.

ट्रामवेडा

काका, काटा परत आत घ्या. ते तिकीटघर १९१० च्या बांधकामातलं. १८९९ ला तिथे सगळं लाकडी होतं, १८९१ साली बांधलेलं, उद्घाटनाच्या मॅचला पिचर साय यंगच होता. लाकडी पाडून पुढे काँक्रीट-लोखंडाचं केलं. जागा मात्र तीच.

लाल_मातीचा

बरं झालं सांगितलंत. मुलीला फोटो पाठवून मोठं भाषण ठोकलं होतं, आता दुरुस्ती पाठवतो. जागा तीच हे काय कमी आहे.

चिंगी

एरीकाठी, ते सॉकॅलेक्सिसचं काहीच लिहिलं नाहीत? तो पण याच टीममध्ये होता ना?

एरीकाठी

होता, पण १८९९ मध्ये फक्त सात मॅच. लुईस सॉकॅलेक्सिस, मेन राज्यातल्या पेनॉब्स्कॉट जमातीचा. १८९७ ला आला तेव्हा वणवा लावला होता, ३३८ ॲव्हरेज, आणि स्टँडमधून लोक त्याच्यावर आदिवासी युद्धघोषांच्या नकला करून ओरडायचे. त्याच वर्षी घोट्याला दुखापत, मग दारू. ९९ च्या मे मध्ये याच भिकार टीमनेही त्याला काढून टाकलं. त्याच्यावर स्वतंत्र धागा हवा, इथे चार ओळीत उरकणं बरोबर नाही. १९१५ ला क्लीव्हलंडच्या नव्या टीमला इंडियन्स नाव दिलं ते त्याच्या सन्मानार्थ की नाही यावर इथे अजून भांडणं होतात. २०२२ पासून ते नाव गेलंच, आता गार्डियन्स, पुलावरच्या त्या दगडी राखणदारांवरून.

आता शेवट सांगतो, बायको हाका मारतेय.

ऑगस्टच्या शेवटापासून लागोपाठ २४ हरले. हाही रेकॉर्डच. मग सप्टेंबरच्या मध्याला वॉशिंग्टनला एकदा हरवलं, आणि त्यानंतर उरलेल्या सगळ्या १६ हरले. म्हणजे शेवटच्या ४१ पैकी ४० पराभव. अख्ख्या सीझनमध्ये लागोपाठ दोन विजय फक्त एकदा. पहिल्या नंबरच्या ब्रुकलिनपासून ८४ मॅच मागे (विजयांचा फरक आणि पराभवांचा फरक यांची सरासरी) हे सोडा, अकराव्या नंबरच्या वॉशिंग्टनपासूनसुद्धा ३५ मॅच मागे. ५२९ रन काढले आणि १,२५२ दिले, म्हणजे रोज साधारण साडेतीन काढायचे नि आठ द्यायचे, हे सगळं माहीत असून दुसऱ्या दिवशी परत बूट बांधायचे.

१५ ऑक्टोबर, शेवटची मॅच, सिनसिनाटीमध्ये. पिचर कोण, तर एडी कोल्ब. टीम उतरली होती त्या हॉटेलच्या सिगार स्टॉलवर काम करणारा पोरगा. त्याने सिगारची एक पेटी देऊन ही संधी मिळवली असं म्हणतात. १९-३ ने हरले. त्याची मोठ्या लीगमधली ती पहिली आणि शेवटची मॅच. जुनाखेळाडू, हाच तो तुमच्या कँटीनवाल्याचा जुळा.

जुनाखेळाडू

वाचलं. आमच्या पोराने एक कॅच घेतला होता पण.

मुक्ता_नाशिक

मला खेळातलं काही कळत नाही म्हणत म्हणत सगळं वाचलं. पण हे लोक सोडून का नाही गेले हो? रोज रोज कोण हरेल?

एरीकाठी

जाणार कुठे? तेव्हा करारच असे असायचे की मालक सोडेल तेव्हाच सुटका, दुसऱ्या टीमकडे आपल्या मनाने जाता यायचं नाही. आणि शेवटी पगार होता. पण नुसता पगार म्हणून केलं असंही मला वाटत नाही. एक गोष्ट सांगतो. टीमबरोबर जॉर्ज म्यूर नावाचा माणूस असायचा, प्रवासाची सगळी व्यवस्था बघणारा, तिकिटं, हॉटेलं, सामान. सीझन संपल्यावर खेळाडूंनी आपसात पैसे काढून त्याला हिऱ्याचं लॉकेट भेट दिलं. कारण काय सांगितलं, तर आमच्या सगळ्या मॅच बघायची वेळ आलेला जगातला एकटाच दुर्दैवी माणूस तू आहेस. जी टीम स्वतःवर असं हसू शकते ती आतून मेलेली नसते असं आपलं माझं मत.

ट्रामवेडा

पुढचं मी लिहितो म्हणजे वहिनी रागावणार नाहीत. सीझननंतर लीगने बाराच्या आठ टीम केल्या, क्लीव्हलंड, बॉल्टिमोर, लुईव्हिल, वॉशिंग्टन चारही बंद. पर्फेक्टोजचं नाव १९०० ला बदलून कार्डिनल्स झालं, तेच आजचे. आणि रिकामी झालेली शहरं आयतीच सापडली म्हणून बॅन जॉन्सनने १९०१ ला अमेरिकन लीग मोठी लीग म्हणून उभी केली, त्यात क्लीव्हलंड परत आलं, याच लीग पार्कवर. म्हणजे आजच्या दोन लीग आहेत त्यात या लुटीचाही हात आहेच. अजून एक, फ्रँक नि स्टॅन्ली दोघेही गेल्यावर कार्डिनल्स आली फ्रँकच्या मुलीकडे, हेलीन ब्रिटन, १९११ साली. मोठ्या लीगमध्ये टीमची मालकीण झालेली ती पहिली बाई.

चिंगी

हे भारीच. मालकीणबाईंवर पण धागा येऊ द्या.

शंकासुर

सगळं झालं, पण ज्या २० मॅच जिंकल्या त्या कोणाविरुद्ध ते कोणी सांगितलंच नाही. हरलेल्यांचं सगळेच लिहितात.

एरीकाठी

घ्या. वॉशिंग्टन आणि लुईव्हिलविरुद्ध चार-चार, बॉस्टनविरुद्ध तीन (आणि बॉस्टन आदल्या वर्षीचे चॅम्पियन होते, बरं का!), बॉल्टिमोर, फिलाडेल्फिया, पिट्सबर्गविरुद्ध दोन-दोन, शिकागो, न्यूयॉर्कविरुद्ध एकेक. ब्रुकलिन नि सिनसिनाटीविरुद्ध चौदाच्या चौदा हरले.

शंकासुर

एकोणीस झाल्या. एक कुठे गेली?

एरीकाठी

ती सेंट लुईसविरुद्ध. तेरा हरले, एक जिंकले.

टवाळ_कार्टा

मग त्या दिवशी मालक जिंकला म्हणायचा की हरला?